दोन पिनांचा मॉइश्चर मीटर: ओलं लाकूड कातणाऱ्याने घ्यावा का?

ऑनलाइन दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, मुठीत मावणारा, पुढे दोन टोकदार पिना असलेला, लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर. लाटणी, पोळपाट, रवी, पाळण्याचे खांब, तबल्याची खोडं किंवा सतारीच्या खुंट्या कातणाऱ्याने तो घ्यावा का, एवढ्याच प्रश्नाचं हे उत्तर आहे. घ्यावा. वखारीत वाळलेली फळी निवडताना त्याला पाचपैकी चार गुण. कच्चा, म्हणजे शेवटच्या मापापेक्षा जाड कातून वाळत ठेवलेल्या तुकड्यावर तीन. काल तोडलेल्या ओंडक्यावर मात्र एक, आणि ओलं लाकूड विकत घेणाऱ्याचं निम्मं नुकसान तिथेच होतं. ती उणीव पाच किलोचा, एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा भरून काढतो. मीटर एकटा घेतला तर पैसे निम्मे वाया गेले असं समजा.

आधी हे यंत्र मोजतं काय ते. दोन पिनांमधल्या लाकडातून अगदी बारीक वीज सोडायची आणि लाकूड ती किती अडवतं ते बघायचं, एवढंच त्याचं काम. कोरडं लाकूड वीज अडवतं, ओलं जाऊ देतं. डग्लस फर या अमेरिकी लाकडावरून बऱ्याच मीटरांचे आकडे जुळवलेले असतात. त्या लाकडात २२ टक्के ओलाव्याला अडथळा साधारण १ मेगाओहम (मेगाओहम हे विजेचा अडथळा मोजायचं माप), १६ टक्क्यांना ११, १२ टक्क्यांना १२० आणि ७ टक्क्यांना तब्बल २२,४०० मेगाओहम. खालच्या बाजूला अडथळा असा भराभर वाढतो, म्हणून स्वस्त मीटरने दाखवलेला ६ किंवा ७ हा आकडा 'खूप कोरडं' एवढ्याच अर्थाने घ्यायचा.

वरच्या बाजूची अडचण वेगळी आणि जास्त महत्त्वाची आहे. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. वाळताना मोकळं पाणी आधी जातं. ते संपतं तेव्हा ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांवर आलेला असतो, आणि लाकूड आकसायला तिथून खाली सुरुवात होते. मीटरही तिथून खालीच खरं बोलतो. डब्यावर ५ ते ४० टक्के असा आवाका छापलेला असला, तरी ३० च्या वरचा आकडा म्हणजे 'अजून ओलं आहे' एवढंच. एका ओंडक्यावर ३६ आणि दुसऱ्यावर ३९ दिसलं म्हणून पहिला लवकर वाळेल असा अंदाज बांधू नका. लाकडाचा ओलावा कोरड्या वजनाच्या हिशेबात मोजतात. त्यामुळे पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात तो १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो, आणि तेव्हाही हा मीटर आपल्या कमाल आकड्यावर अडकून बसतो.

मीटर हातात आल्यावर पहिली तपासणी लाकडावर करू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा देणारे छोटे तुकडे, आणा, १ मेगाओहमचा (तपकिरी, काळा, हिरवा पट्टा) आणि १० मेगाओहमचा (तपकिरी, काळा, निळा). काही रुपयांचं काम आहे. मीटरवर लाकडाच्या जातींचे गट निवडता येतात, तो फर-पाइनच्या गटावर ठेवून रेझिस्टरची एकेक तार एकेका पिनेला टेकवा. पहिल्यावर २२ च्या आसपास, दुसऱ्यावर १६ च्या आसपास आकडा यायला हवा. एखाद्या टक्क्याचा फरक चालतो. तीन-चारचा आला तर परत पाठवा. तारा चिमट्याने धरा. दोन्ही बोटं दोन्ही तारांना लागली की वीज तुमच्या कातडीतून जाते आणि आकडा उगाच चढतो. बॅटरी उतरली की मीटर आधी खोटं बोलतो आणि मग बंद पडतो, म्हणून ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

उन्हाळ्यात आणखी एक वजाबाकी लागते. या मीटरांचे आकडे साधारण २० अंश तापमानाला जुळवलेले असतात. लाकूड जितकं गरम तितकी वीज सहज जाते, आणि दर १० अंशांमागे आकडा सुमारे एका टक्क्याने जास्त दिसतो. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ४० अंशांवर असलेल्या फळीत १३ दिसले तर ते ११ धरा. उन्हात पडलेली फळी तर मोजूच नका, आधी सावलीत तासभर ठेवा. ज्यांना ही वजाबाकी लक्षात राहत नाही त्यांनी तापमानाची दुरुस्ती स्वतः करणारा मीटर थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा.

जातीचा प्रश्न याहून अवघड. मीटरसोबतच्या कोष्टकात ओक, बीच, पाइन अशी नावं असतात. साग कधी कधी सापडतो, पण बाभूळ, चिंच, कडुलिंब, जांभूळ बहुधा नाहीच. बाभळीला कुठल्या गटात घालायचं हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा आपली दुरुस्ती आपण काढावी. फळीच्या टोकापासून फूटभर आत, जिथे टोकाकडून वाळलेला भाग संपतो, तिथून बोटभर जाडीची चकती कापा. मीटरचा आकडा लिहा आणि लगेच वजन करा. मग १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी वजन करत राहा. दोन वेळा वजन तेवढंच भरलं की ती पूर्ण कोरडी झाली. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. चकती ११४ ग्रॅमची होती आणि १०० ग्रॅमवर थांबली तर खरा ओलावा १४ टक्के. मीटरने १७ दाखवले असतील तर त्या लाकडासाठी, त्या गटावर, ३ वजा करायचे. दोन-तीन वेगवेगळ्या ओलाव्याच्या चकत्या अशा मोजल्या की भिंतीवर लावायला तुमचं स्वतःचं कोष्टक तयार. एवढी मेहनत एका जातीसाठी एकदाच करावी लागते.

पिना रोवताना दोन्ही पिना लाकडाच्या रेषेत, म्हणजे धाग्याच्या दिशेने एकामागे एक असाव्यात. आडव्या लावल्या तर ओल्या लाकडात आकडा एक-दोन टक्क्यांनी कमी येतो. वाळलेल्या टोकाच्या तोंडावर कधी मोजू नये. तो भाग सगळ्यात आधी वाळतो आणि मनासारखा आकडा देतो.

या पिना जेमतेम सात-आठ मिलिमीटर आत जातात, आणि पोळपाट-लाटण्याच्या धंद्यात फसवणूक होते ती इथे. पत्र्यावर उन्हात टाकून घाईने वाळवलेल्या तुकड्याचं वरचं कवच ९-१० वर असतं आणि पोट १८ वर. मीटर कवचाचा आकडा सांगतो, आपण तुकडा लेथवर चढवतो, कवच कातून टाकतो, आणि ओलं पोट उघडं पडतं. दोन आठवड्यांत पोळपाट डुगडुगायला लागतो. यावर साधा उपाय आहे. पिनांच्या अंतरावर दोन बारीक खिळे तुकड्यात निम्म्या जाडीपर्यंत ठोका आणि पिना खिळ्यांच्या डोक्यांना टेकवा. खिळा जिथे सगळ्यात ओल्या लाकडाला लागलेला असतो तिथला आकडा मिळतो, आणि ती जागा बहुधा पोटातली असते. वरवरचा आकडा आणि खिळ्याचा आकडा यांत दोनपेक्षा जास्त फरक असेल तर लेथ सुरू करू नका. खिळे अर्थात टाकाऊ भागात ठोकायचे: चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायच्या गड्ड्यात, किंवा लाटण्याच्या तुकड्याच्या टोकाशी जो बोटभर भाग शेवटी कापला जातो त्यात. कातण्याआधी ते उपटायला विसरू नका, हत्याराला खिळा लागणं धोक्याचं आहे.

आता जिथे मीटर हात टेकतो ते काम, म्हणजे ताजं लाकूड. इथे खरं मोजमाप वजनाचं.

ओंडका आला त्याच दिवशी तीन गोष्टी व्हायला हव्यात. मधोमध उभा चिरून मधला मऊ गर काढून टाका. गर ठेवलेला तुकडा फुटतोच, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं आणि मध्यातून सालीकडच्या दिशेने कमी. सागाचं बघा: ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने ५.८ टक्के, तर मध्यातून बाहेर फक्त २.५ टक्के. गोल तुकड्याला हा फरक कुठे तरी भरून काढायचा असतो, आणि तो भरतो गरापर्यंत जाणाऱ्या चिरेने. लाटण्याचा तुकडाही गर सोडूनच काढावा. मधोमध काळा ठिपका दिसणारं लाटणं घेऊ नये.

दुसरी गोष्ट, टोकं बंद करणं. पाणी टोकातून बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं, म्हणून टोकं आधी आकसतात आणि फाटतात. शेण-माती लिंपायची जुनी पद्धत काहीच न लावण्यापेक्षा बरी, पण पापुद्रे निघाले की संपली. फेव्हिकॉलचे दोन हात मध्यम काम करतात, वाफ त्यातून थोडी जातेच. ऑइल पेंटचे दोन जाड हात त्याहून चांगले. सगळ्यात खात्रीचं पॅराफिन मेण. ते नेहमी पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट गॅसवर कधीही नाही. मेण नुसतं वितळलेलं न ठेवता चांगलं तापवा, कारण कोमट मेण ओल्या लाकडावर नुसतं बसतं आणि नखाने निघतं. टोक बुडवून दोन-तीन सेकंदांत बाहेर काढा आणि मेण बाजूंवरही बोटभर येऊ द्या. एप्रिलच्या वाऱ्यात हे 'उद्या करू' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात, आणि चीर पडल्यावर लावलेलं मेण फक्त चीर झाकतं.

तिसरी गोष्ट, ओलं असतानाच कच्चं कातून घेणं. जाड ओंडका वर्षानुवर्षं वाळवण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं. वाडग्यासारख्या पोकळ वस्तूची भिंत व्यासाच्या एक दशांश जाड ठेवा: २५० मिलिमीटरच्या वाडग्याला २५ मिलिमीटर. पोळपाट २५० चा हवा असेल तर २७० ते २७५ चा आणि आठ-दहा मिलिमीटर जास्त जाडीचा कातून ठेवा. वाळताना तो लंबगोल होईल आणि थोडा वाकेल, ती वाकण कातून काढायला एवढी जागा पुरते. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी असावी. तळ जाड आणि काठ पातळ राहिला तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि त्यांच्या सांध्यावर तडा जातो.

मग काट्यावर ठेवा आणि तुकड्यावरच पेन्सिलीने तारीख व वजन लिहा. कुठपर्यंत वाळवायचं याचा हिशेब असा. त्याच ओंडक्याच्या चकतीने ओलावा ५० टक्के निघाला आणि कच्चा पोळपाट १५०० ग्रॅम भरला, तर त्यातलं कोरडं लाकूड १००० ग्रॅम. १२ टक्क्यांना त्याचं वजन ११२० ग्रॅम असेल. हा आकडा तारखेशेजारी लिहून टाका. दर आठवड्याला वजन करत राहायचं. वजन ११५० च्या खाली आलं की मीटर पुन्हा हातात घ्यायचा. तिथून तो आणि काटा एकमेकांची साक्ष काढतात. चकती कापायची नसेल तर निदान एवढं पाळा: सलग तीन आठवडे वजन हललं नाही म्हणजे लाकडाचं हवेशी जमलं. पण सलग तीन आठवडे जुलैतले असतील तर ते जमणं जुलैच्या हवेशी असतं, आणि सांगलीत त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

हवेत ओल ८० टक्के असली की लाकूड साधारण १६ टक्क्यांवर थांबतं, ५० टक्के असली की ९ वर आणि ३० टक्के असली की ६ वर. उन्हाळ्यातल्या दुपारी इथली हवा खडखडीत असते आणि श्रावणात दमट. म्हणजे तोच पोळपाट वर्षभरात कित्येक टक्के वरखाली होतो. १४ वरून ८ वर आला तर २५० मिलिमीटरचा सागाचा पोळपाट वलयांच्या दिशेने तीन मिलिमीटर आकसतो आणि दुसऱ्या दिशेने सव्वा. शेवटचं कातकाम १० ते १२ च्या दरम्यान करावं, म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मीच हालचाल उरते. लाकूड कोणत्या भागात कोणत्या कामाला किती ओलं चालतं यासाठी आयएस २८७ हे भारतीय मानक आहे, आणि त्यात देशाचे हवामानानुसार चार विभाग केलेले आहेत. एका सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरचा पाऊस आणि माणचं कोरडं माळरान दोन्ही बसतात. जत-आटपाडीकडे वाळवून कातलेली वस्तू महाबळेश्वरच्या दुकानात पावसाळाभर ठेवली तर ती फुगणार, हे धरूनच झाकणाचा घट्टपणा ठरवा.

वाळवायची जागा कशी असावी हे तासगावकडच्या बेदाणा शेडकडे बघून कळतं. वर सावली, चारी बाजूंनी वारा, खाली-वर जाळीचे मजले, ऊन थेट नाही. कच्च्या कातीव तुकड्यांना हेच हवं असतं, फक्त वेग बेदाण्यापेक्षा खूप कमी. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे तुकडे कागदी पिशवीत किंवा गोणपाटात, कोरड्या भुश्यात ठेवावेत आणि मग जाळीवर मांडावेत. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरत असेल तर आणखी एक कागद गुंडाळा. पिशवीत बुरशीचा वास आला तर उघडा. आंब्याच्या बाबतीत ही कसरत अवघड आहे: जास्त झाकलं की दोन-चार दिवसांत निळे-काळे डाग, उघडं टाकलं की चीर. आंबा थंडीत कापलेला घ्यावा आणि पिशवी रोज बदलावी. प्लॅस्टिकची पिशवी कुठल्याच लाकडाला नको.

बाभूळ वेगळी. ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत जुनी आणि खरी उपयोगाची आहे. सालीजवळच्या पांढऱ्या भागातलं पिष्ट धुऊन जातं आणि पोखरणाऱ्या किड्यांना खायला उरत नाही. किडीसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पोळपाट, लाटणं, रवी यांना ते लावू नये, आणि त्या क्षारांमुळे मीटरचा आकडा फुगतो. तशा लाकडावर फक्त काट्यावर भरवसा ठेवा.

पिनांऐवजी नुसता टेकवून मोजणारा बिनपिनांचा मीटरही मिळतो. तो महाग असतो, आणि फळीवर भोकं पडत नाहीत म्हणून सुतारकामाला छान. कातीव कामाला मात्र उपयोग थोडा, कारण त्याच्या पट्टीला पूर्ण टेकायला सपाट जागा लागते आणि गोल खोडावर किंवा वाडग्याच्या पोटावर ती मिळत नाही. म्हणून कातारकामाला पिनांचाच घ्यावा. घेताना पिना बदलता येतात का ते आधी बघा. बाभळीत त्या वाकतात, मोडतात, आणि जोडीला सुट्या पिना नसल्या तर पूर्ण मीटर टाकावा लागतो. आकडा धरून ठेवणारी कळ हवी, कारण जाड ओंडक्याच्या मागच्या बाजूला हात घालून मोजताना पडदा दिसत नाही. लाकडाचे निदान चार गट असावेत. प्रकाशाचा पडदा, आवाज, रंगीत दिवे यांसाठी जास्त पैसे देऊ नका.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कामात या यंत्राची खरी किंमत कळते. सतारीची खुंटी गोल कातलेली असते आणि गोल भोकात फिरते. खुंटी १६ टक्क्यांवर कातली आणि उन्हाळ्यात ८ वर आली की ती गोल राहत नाही, लंबगोल होते. मग एका वळणाला घट्ट आणि पुढच्या पाव वळणाला सैल, आणि स्वर उतरत राहतो. इथे खुंटीचं लाकूड आणि ज्यात ती बसते ते लाकूड, दोन्ही मोजावीत आणि दोन्हींचा आकडा एकमेकांच्या एका टक्क्यात आल्यावरच भोक पाडावं. एवढ्या बारीक तुकड्याला वजनाचा काटा अपुरा पडतो. एक ग्रॅमच्या काट्यावर २० ग्रॅमच्या खुंटीची एका टक्क्याची हालचाल दिसतच नाही. तिथे मीटर हवाच. सात-आठ मिलिमीटरची पीन खुंटीच्या जवळजवळ पोटापर्यंत पोचते, त्यामुळे कवच-पोटाचा घोळही उरत नाही.

वखारीत तो वापरायची रीत एकच. 'दोन वर्षं वाळलेलं आहे' असं सांगितलं गेलं तर फळीचं टोक नव्हे, थप्पीच्या मधली फळी काढायला सांगा, तिचा फूटभर तुकडा कापून घ्या, आणि ताज्या कापावर, आधी कडेला आणि मग जाडीच्या मधोमध, पिना रोवा. कडेला १२ आणि मध्ये १९ आला तर ते लाकूड ओल्याच्या भावाने घ्या, घरी आणून टोकाला मेण लावा आणि वजन लिहायला लागा.